मनगटावरचा दोरा

शिवन्या अडीच वर्षांची झाली होती, तरी आईच्या गाऊनची बाही मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. दुपारी तिला झोप लागली म्हणून आकांक्षा हळूच उठायला गेली, की ती मूठ पुन्हा आवळायची. डोळे मिटलेलेच, पण हात जागा.

आकांक्षाला नववा लागला होता. बाळंतपणाची तिला तेवढी भीती नव्हती. ते एकदा होऊन गेलं होतं. घोर होता तो या मुठीचा. आपण दवाखान्यात गेल्यावर ही कुणाची बाही धरणार?

घर टेंभुर्णीपासून आडबाजूला, शेतातच होतं. पुढं दोन पत्र्याच्या खोल्या, मागं पाण्याची टाकी, आणि टाकीपलीकडं पांढऱ्या जाळीचं शेडनेट. नवरा कल्याण बियाण्याच्या कंपनीत होता. पाऊसपाणी झालं, की कंपनी त्याला तेलंगणातल्या प्लॉटवर पाठवायची. तो दिवाळी होऊन गेल्यावरच परतायचा. संध्याकाळी आकांक्षा टाकीजवळ जाऊन उभी राही, कारण फोनला रेंज तेवढ्याच जागी येई. मग कल्याणचा चेहरा दिसे. शिवन्याच्या हिशोबानं फोन म्हणजेच पप्पा. फोन चार्जिंगला लावला, की ती तोंडावर बोट ठेवून सांगायची, "पप्पा झोपले."

पहिलं बाळंतपण मंठ्याला, माहेरी झालं होतं. तेव्हा आई होती. गेल्या वर्षी आई गेली. दुसरं बाळंतपण सासरीच करायचं असतं, असं आता सगळे म्हणाले. माहेरी बोलावणारं कुणी उरलं नाही, हे कुणी म्हणालं नाही.

घरात सासू होती, नंदाबाई. स्वभावानं वाईट नव्हती, पण मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट म्हणजे एका लेकरासारखाच. दुपारून कळ्या चिमट्यानं सोलायच्या, सकाळी त्यांच्यावर नराच्या झाडाचे परागकण लावायचे, आणि लावून झालं की त्या फुलाच्या देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण. दोरा असलेल्या मिरचीचं बी कंपनी घेते. बिनदोऱ्याची मिरची दिसली, की तोडून बांधावर फेकायची. मग ती कितीही टपोरी असो. कामाला चार बाया यायच्या, आणि त्यांच्यात दिवसभर नंदाबाई. आकांक्षालाही हे काम यायचं, हात तिचा चांगला होता. पण सातव्या महिन्यात जाळीतल्या उकाड्यानं तिला चक्कर आली, आणि नंदाबाईनं तिचं आत येणं बंद केलं. तेव्हापासून ती आणि शिवन्या घरात. जाळीतून बायांच्या हसण्याचा आवाज येई. काय बोलल्या ते कळत नसे.

जेवणाच्या सुट्टीत बाया ओसरीवर येत, तेवढीच काय ती वर्दळ. त्यात बेबीनंदा म्हणजे बोलभांड. तिनं एक दिवस शिवन्याला पुढ्यात ओढलं.

"सांग ग शिऊ, आईच्या पोटात काय हाय? भाऊ का बहीण?"

लहान लेकराच्या तोंडून जे निघेल ते खरं होतं, असं या बाया मानतात. सगळ्यांचे घास हातातच थांबले. नंदाबाईसुद्धा पाणी प्यायची थांबली.

शिवन्यानं आईच्या पोटाकडं पाहिलं, मग बेबीनंदाच्या डब्याकडं. "लोणचं," ती म्हणाली.

बाया एवढ्या हसल्या, की एकीला ठसका लागला. "बराबर हाय! मायनं तेच खाल्लं असंल नऊ महिने!"

हसणं ओसरल्यावर बेबीनंदानं विचारलं, "वैनी, तुम्ही गेल्यावर ही राहील का पण आजीजवळ?"

"तिला कळूच द्यायचं न्हाई," नंदाबाई म्हणाली. "झोपंत असली की निघून जायचं. नजर चुकवून. म्या कल्याणला असंच ठेवून जायची कामाला. रडतंय, रडतंय अन् मंग गप होतंय लेकरू."

 आकांक्षाला गप होणारं लेकरूच नको होतं. झोपेतून उठून मुठीत बाही नाही हे शिवन्याला कळेल, तो क्षण तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

वाट सापडली ती शेडनेटच्या दारात. शिवन्या आजीच्या मागं आत गेली होती आणि मिरचीचा लाल दोरा ओढत होती. नंदाबाई ओरडली, "हात लावू नको! दोरा हाय म्हंजे मिरची येनार!" शिवन्यानं हात मागं घेतला. पुढच्या झाडाशी गेली, वाकली, दोऱ्याकडं बोट केलं आणि स्वतःशीच म्हणाली, "दोला हाय. मिलची येनार." तिसऱ्या झाडाशी पुन्हा तेच. आकांक्षा दारातून बघत राहिली. या पोरीला दहादा सांगून चप्पल उलटी घालायची थांबत नाही, आणि हे मात्र एकदाच सांगितलं तर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं लोकरीचा एक तुकडा मागून घेतला आणि शिवन्याच्या मनगटाला बांधला.

"शिऊ, आई टाकीवर चालली. दोरा हाय म्हंजे?"

शिवन्या दोऱ्याकडं बघत राहिली.

"म्हंजे आई येणार. आई आल्यावर दोरा सोडणार."

आणि ती टाकीमागं जाऊन उभी राहिली. शिवन्यानं जो सूर लावला, तो शेडनेटमध्ये ऐकू गेला. आकांक्षाचे पाय आपोआप वळले, पण ती भिंतीला टेकून थांबली. रडण्याच्या मध्येच आपण गेलो तर रडल्यावर आई येते एवढंच ती शिकेल. रडणं जरा दम घ्यायला थांबलं, तेव्हा ती समोर आली, खाली बसली आणि आधी दोरा सोडला. मग उचलून घेतलं.

असं रोज. टाकीपर्यंत, मग बांधापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. शिवन्या आजीजवळ राही. एक नियम आकांक्षानं कधी मोडला नाही: दोरा बांधल्याशिवाय जायचं नाही, आणि आल्यावर आईनंच तो सोडायचा, दुसऱ्या कुणी नाही. नंदाबाई कुरकुरायची. "नवंच खूळ. आम्ही काय दोरे बांधले व्हते का?" पण दोरा ती सोडत नसे. शिवन्याचं रडणं कमी होत होत कुरकुरीवर आलं, आणि मग तेही गेलं.

एक दिवस आकांक्षा तपासणीला गावात गेली. जीप मिळेना म्हणून परतायला दुपार टळली. जवळजवळ धावतच ती घरी आली. शिवन्या शेडनेटच्या दारात मातीत बसली होती, डबीत माती भरत होती. तिनं आईकडं पाहिलं. एका हातानं माती भरणं चालू ठेवून दुसरा हात नुसता पुढं केला. आकांक्षानं दोरा सोडला. शिवन्यानं हात मागं घेतला आणि पुन्हा माती भरायला लागली.

"बघ, बिलकुल रडली न्हाई," नंदाबाई आतून म्हणाली. "जेवली बी माझ्या हातनं."

"हो का," आकांक्षा म्हणाली. शिकवलेलं आलं होतं. ती घरात गेली, पंख्याखाली बसली. पोटातलं बाळ फिरलं. संध्याकाळपर्यंत तिच्याशी कुणीच बोललं नाही, आणि आपली बाही कुणी ओढू नये हेच आपण इतके दिवस मागत होतो, हे तिला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागलं.

कळा आल्या त्या पहाटे. गावातली चुलतसासू गिरिजाबाई सोबत जायला आली. अंगणवाडीत मदतनीस होती ती, धीराची बाई. गाडी रस्त्यावर येऊन थांबली. नंदाबाईनं डोळ्यांनी खुणावलं: झोपलीय, निघ. आकांक्षानं मान हलवली आणि शिवन्याला उठवलं. एक कळ येऊन जाईपर्यंत तिला खाटेची कड धरून थांबावं लागलं. मग तिनं दोरा बांधला. गाठ नीट बसेना. पुन्हा बांधला.

"दोरा हाय म्हंजे?"

"आई येनार," शिवन्या जांभई देत म्हणाली.

दवाखान्यात बाळ आडवं आहे म्हणाले, आणि ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. शुद्ध आली तेव्हा गिरिजाबाईनं बाळ दाखवलं. त्याच्या मनगटाला पांढरी पट्टी बांधली होती आणि पट्टीवर आकांक्षाचं नाव होतं. आकांक्षानं मुलगी पाहिली, मग विचारलं, "किती दिवस ठेवतील?"

गिरिजाबाईनं आठ दिवस सांगितले, आणि आकांक्षानं डोळे मिटले. रस्त्यापर्यंत, गावापर्यंत, एका दुपारपर्यंत तिनं शिकवलं होतं. इतकं लांबचं नव्हतं शिकवलं.

कल्याणनं फोनवर बाळ पाहिलं, डोळे पुसले. "इकडं तोडणी चालू हाय ग. साहेब सोडून न्हाई राह्यले. दोन-चार दिसांत निघतो."

"या," ती म्हणाली.

नंदाबाई आपला फोन घेऊन टाकीपाशी आली, की आकांक्षा तिला रोज विचारी, "शिऊ कशी हाय?"

"मजेत. खाती, पिती."

"दोरा हाय का हाताला?"

 एक दिवस या प्रश्नानंतर फोनवर नुसता शेडनेटची जाळी वाऱ्यानं फडफडल्याचा आवाज आला. मग नंदाबाई म्हणाली, "तू तुझा टाका सांभाळ बाई. हितली काळजी करू नको."

घरी आल्यावर दारातच नंदाबाईनं बाळ-बाळंतिणीवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळलं, तुकडा लांब फेकला, पायांवर पाणी घातलं. तिच्या मागं लुगडं धरून शिवन्या उभी होती. केस कुणीतरी चापून विंचरलेले. आकांक्षाची नजर आधी मनगटावर गेली. मनगट रिकामं होतं.

"शिऊ, ये."

शिवन्या आली नाही. लुगडं आणखी घट्ट धरलं. रडली नाही, रुसली नाही. पाहुणी बाई आल्यावर बघावं तसं बघत राहिली.

झालं काय होतं, ते बेबीनंदानं सांगितलं, नंदाबाई चुलीकडं गेल्यावर, आवाज खाली करून.

"काकूंचं काय चुकलं न्हाई वैनी. अंघोळीत लोकर भिजली, हात लाल झाल्ता, सुजला व्हता. काकूनं कात्रीनं दोरा कापला. अन् काय सांगू, पोरगी अशी हसली! उघडीच पळत सुटली रस्त्याकडं. आम्हाला कळंना काहून पळून राह्यली. तिला वाटलं, दोरा सुटला म्हंजे तुम्ही आलात."

आकांक्षानं बाळाच्या टोपलीतलं दुपटं सारखं केलं.

"तिथंच बसली. उचलून आणलं की परत जाई. दिवस मावळला तवा आपल्या पायानं आली. काकूनं दुसरा दोरा बांधायला घेतला तर हात मागं. तवापून बांधूच दिला न्हाई. तुमचं नाव बी काढलं न्हाई बघा. गप झाली."

तेवढ्यात शिवन्या बाळाच्या टोपलीपाशी आली होती. ती बाळाच्या मनगटाकडं बघत होती. तिनं पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बाळाला दोला," ती म्हणाली.

"व्हय ग," बेबीनंदा म्हणाली.

"बाळाची आई येनार."

बेबीनंदा हसायला लागली, आणि आकांक्षाकडं पाहून थांबली.

त्या रात्री शिवन्या आजीच्या खाटेवर झोपली, लुगड्याचं टोक मुठीत घेऊन. आकांक्षाची बाही मोकळी होती. बाळ दुधासाठी उठलं की ती उठे, आणि पलीकडच्या खाटेवरची ती मूठ दिसे.

सकाळी बाया कामाला आल्या. आकांक्षानं बेबीनंदाकडून लोकरीचा तुकडा मागून घेतला. शिवन्या बाहुली घेऊन भिंतीशी बसली होती. दोरा दिसताच तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

आकांक्षानं तिला ओढलं नाही. समजावलंही नाही. दोरा खाटेच्या कडेला ठेवला आणि बाळाला पाजायला घेतलं. बाळाचं पिणं झालं, ढेकर निघाला, ते झोपलं. शिवन्या भिंतीशीच होती. मग ती बाहुली ओढत जरा अलीकडं आली. दोऱ्याला एका बोटानं ढकललं. दोरा खाली पडला. तिनं तो उचलला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. आकांक्षा लंगोट घडी करत राहिली. घड्या संपल्या तर तिनं त्या मोडून पुन्हा करायला घेतल्या.

बऱ्याच वेळानं तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. शिवन्यानं दोरा मांडीवर टाकला होता आणि मनगट पुढं धरलं होतं. तोंड मात्र दुसरीकडं.

आकांक्षानं दोरा सैल बांधला. मग टाक्यावर हात ठेवून उठली.

नंदाबाई पाणी न्यायला आली होती. ती दारातच आडवी आली. "अगं, कुठं निघाली? ओली बाळंतीण तू, वारं लागंल! सव्वा महिना उंबरा वलांडायचा नस्तो!"

"टाकीवर जाऊन येते, आत्याबाई."

"काय हाय टाकीवर? कालच तर आलीस ना घरी!"

"मी काल आले," आकांक्षा म्हणाली, "पण शिऊची आई नाही आली अजून."

नंदाबाईनं सुनेकडं पाहिलं, मग नातीच्या मनगटाकडं. कात्रीचा दिवस तिलाही आठवला असावा. ती बाजूला झाली. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तिनं आकांक्षाचे कान गच्च बांधले, एवढे गच्च की आकांक्षाला पुढचं नीट ऐकू आलं नाही. "जल्दी ये," असं काहीसं होतं.

अंगण कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. टाकीमागं जाऊन ती भिंतीला टेकली. कान बांधलेले, त्यामुळं बायांचं हसणंही येत नव्हतं, जाळीची फडफडही नाही. समोर बांधावर बिनदोऱ्याच्या मिरच्यांचा ढीग वाळत होता. दवाखान्यात तिच्या भोवती माणसं होती, तिथंही तिला असंच वाटलं होतं, कानात कापूस घातल्यासारखं. आपल्या मनगटाला दोरा बांधून गेलेलं कुणी नाही, हा विचार तिच्या मनात आला. आई गेली तेव्हा काही न सांगताच गेली होती. आकांक्षाला फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आता मागून रडण्याचा सूर येतो का म्हणून तिनं फडकं थोडं सैल केलं. सूर आला नाही. तो न येण्याचा अर्थ आता तिला लावता येत नव्हता.

ती परत निघाली.

दारात नंदाबाई उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. "आली एकदाची," पुटपुटत तिनं पुन्हा ओवाळलं, पुन्हा पाणी घातलं. "एका बाळंतपणाला दोन दोन तुकडे ओवाळायचे. आमच्यात असं कधी झालं न्हाई."

उंबऱ्याच्या आत शिवन्या होती. मनगट पुढं केलेलं. दुसऱ्या हातानं तिनं दोरा धरून ठेवला होता, कुणी काढू नये म्हणून.

आकांक्षाला खाली बसता येईना. ती उंबऱ्यावर हळूहळू टेकली आणि दोरा सोडला.

शिवन्यानं मोकळ्या मनगटाकडं पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं. मग आईकडं. आणि मग ती रडली, इतक्या दिवसांचं सगळं एकदम, जमिनीवर पाय आपटत, आईच्या खांद्यावर चापट्या मारत. टाके दुखत होते, तरी आकांक्षानं मारू दिलं. नंदाबाई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

चापट्या थांबल्या तेव्हा बाही मुठीत होती.

दुपारी शिवन्या आईला बाळापाशी घेऊन गेली, ओढतच. पांढऱ्या पट्टीकडं बोट केलं. "हिचा सोड."

"का ग?"

"आई आली."

पट्टीची गाठ पक्की होती. आकांक्षानं ती कापली, आणि बाळाचं मनगट एकदा चोळलं. शिवन्यानं पाहून घेतलं, बरोबर झालं का ते. मग लाल दोरा उचलला आणि ती खोलीभर फिरायला लागली, काहीतरी शोधत. बाहुलीपाशी थांबली, पुढं गेली. फळीवर फोन चार्जिंगला लावला होता. तिनं टाचा उंचावून तो खाली ओढला, मांडीवर घेतला आणि त्याला दोरा गुंडाळायला लागली. गाठ तिला मारता येत नव्हती, म्हणून नुसतेच वेढे, एकावर एक, अर्धी काच झाकेपर्यंत.

"पप्पा येनार," ती म्हणाली.

संध्याकाळी आकांक्षा टाकीवर गेली नाही; एकदा बाहेर गेली तेवढं नंदाबाईला पुरलं होतं. फोन फळीवर तसाच होता, लाल वेढ्यांसकट. आत कल्याणचा मेसेज येऊन पडला असेल, रेंज नसल्यानं अडकलाही असेल. तिनं हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. तो दोरा तिनं सोडायचा नव्हता.